दारोच्या सज्ज्यातली लांबलेली झोप

मित्रांनो, द्राक्षवेलीला वय विचारू नये. विचारलंत तरी मी सांगणार नाही. म्हातारी आहे एवढं पुरे. माझं खोड माणसाच्या मांडीएवढं जाड झालं आहे, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, आणि डोंगरांखालच्या काखेती प्रांतातल्या या गावात माझी लावणी डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. या वयात कुणी कौतुक केलं तर बरं वाटतं, आणि कुणी ‘अजून आहे का ही?’ म्हटलं तर राग येतो. एका वसंतात मात्र सगळ्या गावाने मला मेली म्हणून सोडून दिलं होतं. करवत आणली होती, पायथ्याशी दारूसुद्धा शिंपडून झाली होती. तेव्हा मी मेले नव्हते, झोपले होते. ती झोप का लांबली आणि कशी मोडली, ते सांगते.

या घरात मी दारोबरोबर आले. दारो तेव्हा नवी नवरी होती. तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर गाद्या दिल्या, तांब्याची कढई दिली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी दिली. ती काडी म्हणजे मी. तिचा नवरा सोलिको मला हातात घेऊन म्हणाला, “एवढीशी काडी? मला वाटलं, सासरेबुवा बैल देतील!”

दारो म्हणाली, “बैल दहा वर्षांत मरेल. ही तुझ्या नातवंडांना पाजेल.”

नव्या नवरीने पहिल्याच दिवशी असं तोंड चालवलेलं पाहून वऱ्हाडी हसले, आणि सोलिको सगळ्यांत जास्त हसला. त्याने मला लाकडी सज्ज्याखाली लावलं. मी तिसऱ्या वर्षी सज्ज्याच्या कठड्याला हात लावला आणि पुढे दोन्ही बाजूंना ओलांडे पसरले. ओलांडा म्हणजे खोडापासून निघालेला आमचा आडवा हात. उन्हाळ्यात सज्ज्यावर माझी सावली, शरदात माझे काळेशार घड, आणि खाली तळघरात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात माझ्या रसाची दारू. मेराब जन्मला तेव्हा एक रांजण भरून माती-मेणाने बंद केला, तो त्याच्या लग्नात उघडला. रस्त्यापलीकडचा शेजारी शाक्रो त्या दिवशी पेला उंचावून बोलायला उभा राहिला, तो मटण थंड होईपर्यंत बसलाच नाही. शेवटी म्हणाला, “देवा, सोलिकोच्या घरातलं सगळं घे, पण ही वेल ठेव!” सोलिकोची आई चिडली, पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आमच्याकडे एक रीत आहे. घर वाढवायचं म्हणून कुणी वेल तोडत नाही. घरच थोडं अंग चोरून बसतं. शाक्रोच्या जिन्याला उगाच वळण आहे, कारण मधे त्याची वेल होती. वरच्या आळीत एकाच्या छपराला भोक आहे, त्यातून वेल आकाशात गेली आहे, आणि पावसात तो माणूस भोकाखाली बादली ठेवतो, पण वेलीला बोट लावत नाही. ही रीत लक्षात ठेवा. माझं जे झालं ते या चांगल्या रीतीमुळेच झालं.

आता थोडं माझ्या अंगातलं सांगते.

उन्हाळ्यात माझ्या पानांच्या बगलेत डोळे धरतात. तपकिरी खवल्यांची एक इवलीशी पुरचुंडी, बघाल तर काहीच नाही. पण तिच्या आत पुढच्या वर्षीची पानं आणि घड घडी घालून ठेवलेले असतात. दिवस लहान होऊ लागले, की पानांना ते सगळ्यांच्या आधी कळतं. मग माझ्या अंगात एक रस वाढतो. विद्वान त्याला अ‍ॅब्सिसिक आम्ल म्हणतात. मी राखणदार म्हणते. असे आणखीही रस माझ्यात आहेत. कुणी वाढवतं, कुणी थांबवतं, कुणी उठवतं. शेतकीच्या पुस्तकात या सगळ्यांना मिळून संजीवकं म्हणतात, आणि ते नाव त्यांना शोभतं.

राखणदार आला, की डोळा झोपतो. आतल्या बारीक बारीक वाटांना बुचं बसतात. मग बाहेरचा निरोप आत जात नाही. आणि हा राखणदार असा खमक्या, की उन्हाला मुळीच दाद देत नाही. डिसेंबरात एखाद्या दुपारी छान ऊन पडतं, बायका अंगणात लोकर वाळत घालतात, कुत्री पाय ताणून झोपतात, सगळ्यांना वाटतं वसंत आला. त्या उन्हाला भुलून एखादा खुळा डोळा उमलला, तर पुढच्याच बर्फात तो जळून जाईल. म्हणून राखणदार फक्त थंडीला हटतो. थंडी जसजशी साठत जाते, तसतसा तो झिजतो. तो पुरता झिजला, की मगच ऊब कामाला येते. आधी थंडी, मग ऊब. आमच्या घराण्यात हा क्रम कधी चुकलेला नाही.

आणखी एक गोष्ट. माझा प्रत्येक डोळा आपली थंडी आपणच साठवतो. शेजारच्या डोळ्याला हुडहुडी भरली म्हणून याची झोप पुरी होत नाही.

तर, सोलिको गेला. म्हणजे वारला. एका शरदात रांजण धुऊन वर आला, दमलो म्हणाला, आणि माझ्याखालच्या बाकावर बसला तो बसलाच. ते माझं आवडतं माणूस होतं. त्याच्यामागे दारो एकटी राहिली. मेराब दूर त्बिलिसी शहरात राहायचा. तिथे त्याचा खिडक्यांना काचा बसवायचा धंदा होता, बायको होती, शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. तो दर महिन्याला यायचा आणि दर महिन्याला तेच बोलायचा.

“आई, चल माझ्याकडे. गरम पाणी आहे, दवाखाना समोर आहे. इथे एकटी काय करतेस?”

“आणि वेल?” दारो म्हणायची. “तिला कोण बघेल? तू? तुला तर छाटणीची कात्री कुठल्या हातात धरायची ते ठाऊक नाही.”

माझं नाव पुढे केलं, की मेराब विषय सोडून द्यायचा. मी तिच्या हातातलं शेवटचं कारण होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दारोचा दिवस सज्ज्यातच जायचा. सकाळी शाल गुंडाळून ती कठड्याशी बसली, की पलीकडून शाक्रो हाक मारायचा, “वहिनी, आहात का गेलात?”

“तुम्हाला पोचवल्याशिवाय कुठली जाते, भावजी!”

मग रस्त्यावरून पाव घेऊन जाणाऱ्या बायका थांबायच्या, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या सुनेचं कुणाशी बिनसलं, सगळं त्या सज्ज्याखाली निघायचं. थंडीतही ती तिथेच बसायची आणि खोकायची. तो खोकला मेराबच्या मनाला लागला. एका नोव्हेंबरात, माझी पानं लाल होऊन गळून गेल्यावर, तो गाडीभर काचा घेऊन आला. सज्जा सगळा काचबंद करायचा त्याने बेत केला होता. आत लोखंडी शेगडी, तिचा धूर बाहेर न्यायला नळी, आणि खाली जाड सतरंजी.

“आणि वेल?” दारोने विचारलं.

“तिला हात लावीन का मी? आत घेतो. म्हातारीला म्हातारीची सोबत!”

रस्त्यापलीकडून शाक्रो ओरडला, “अरे मेराब, वेल घरात घेतोस? उद्या तिला गादी घाल, गरम दूध पाज!”

“पाजीन, काका! तुमच्याकडे नाही मागायला येणार!”

मेराबने काम मात्र मनापासून केलं. सज्ज्याच्या जमिनीत माझ्या खोडापुरतं भोक ठेवलं, भोवतीच्या फटीत जुनी लोकर ठासली, माझे ओलांडे एकेक करून आत घेतले आणि तुळयांना मऊ पट्ट्यांनी बांधले. एक ओलांडा तेवढा आडमुठा निघाला. तो घराच्या मागच्या कोपऱ्यावरून तळघराच्या छपराकडे वळलेला होता, वाकता वाकेना. मोडायला मेराबचं मन होईना, म्हणून त्याने तो भिंतीच्या फटीतून बाहेरच राहू दिला, त्या फटीतही लोकर ठासली आणि काच त्याच्या अलीकडून बसवली. मागच्या त्या कोपऱ्याला लागून शाक्रोचा मळा होता, आणि तिथली त्याची वेल भिंतीवरून येऊन सगळीकडे पसरलेली होती. तिच्या गर्दीत माझा तो हात लपून गेला, आणि पुढे सगळे त्याला विसरले. खरं सांगते, मीसुद्धा विसरले.

काम संपवून मेराबने शेगडी पेटवली आणि आईला खुर्चीत बसवलं. “आता कसं वाटतंय?”

“छान,” दारो म्हणाली. “ऊब आहे.”

त्या हिवाळ्यात मला थंडी वाजलीच नाही. बाहेर बर्फ पडत होतं, काचेवर पाण्याचे ओघळ येत होते, आणि मी शेगडीवर उकळणाऱ्या घेवड्याच्या आमटीचा वास घेत तुळयांवर पडून होते. रात्री शेगडी विझायची तेव्हा थोडा गारवा काचेतून झिरपायचा, पण सकाळी पुन्हा ऊब. माझ्या डोळ्यांतला राखणदार ठाण मांडून बसला. त्याला हटवणारं कुणी आतच येत नव्हतं.

दारोही बदलली. खोकला थांबला हे खरं. पण शाक्रो पलीकडून हात हलवायचा, त्याचे ओठ हललेले दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. पहिल्यापहिल्यांदा ती काच पुसून खुणा करायची. मग खुणा करणंही सोडलं. गुडघ्यांचं निमित्त करून खाली जायची बंद झाली. पाव शाक्रोची बायको दारात ठेवून जायची. दारो दिवस दिवस खुर्चीत डुलक्या घ्यायची, आणि मी वर डुलक्या घ्यायची. घरात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

फेब्रुवारी संपता संपता शाक्रोने येऊन माझी छाटणी केली. सोलिको गेल्यापासून ते काम त्याच्याकडे होतं. छाटलेल्या काड्यांची मोळी त्याने मटण भाजायला बाजूला ठेवली. मार्चात अंगणातली माती तापली, माझ्या मुळांनी पाणी वर ढकललं, आणि छाटलेल्या टोकांतून थेंब थेंब गळू लागले. याला आमच्याकडे वेलीचं रडणं म्हणतात, आणि ते शुभ मानतात. दारोने वाटी धरली, ते पाणी डोळ्यांना लावलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. “रडतेय. म्हणजे उठणार.”

पण मी उठले नाही. मुळं अंगणात होती, त्यांनी हिवाळा खाल्ला होता, म्हणून ती जागी झाली. ती खालून हाका मारत होती. वर डोळ्यांच्या वाटांना बुचं तशीच होती. मला ती हाक कुठूनतरी लांबून आल्यासारखी ऐकू यायची, आणि मी पुन्हा झोपायची. थेंब थांबले, टोकं सुकली.

एप्रिल आला. गावातल्या वेली हिरव्या झाल्या. शाक्रोची वेल तर अशी फोफावली, की मला तिचा हेवा वाटला. माझे डोळे मात्र होते तसेच, तपकिरी आणि बंद. शाक्रोने वर येऊन नखाने एका काडीची साल खरवडली. आत हिरवं होतं.

“जिवंत आहे ना?” दारोने विचारलं.

“हिरवी आहे,” तो डोकं खाजवत म्हणाला. “पण वहिनी, तोडलेली फांदीसुद्धा चार दिवस हिरवी असते. माझ्या मामाची वेल अशीच हिरवीगार राहिली आणि हिरवीगारच गेली. मला वाटतं, ही रडून घेऊन गेली. सोलिकोच्या मागोमाग.”

“तुमच्या तोंडाला कधी कुलूप लागेल का हो, भावजी?” दारो म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

ईस्टर त्या वर्षी उशिरा आला. मेराब एकटाच आला. दोघं रिवाजाप्रमाणे लाल रंगवलेली अंडी घेऊन सोलिकोच्या कबरीवर जाऊन आली. शाक्रोने आपल्या गाडीतून नेलं, कारण दारोला चालवत नव्हतं. परत आल्यावर ती खुर्चीत बसली, वर माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, “मेराब, ही गेली असेल तर मला इथे काय धरून ठेवणार? येते मी तुझ्याबरोबर.”

इतकी वर्षं ज्या वाक्याची त्याने वाट पाहिली, ते ऐकून मेराबला आनंद व्हायला हवा होता. तो म्हणाला, “बरं केलंस, आई,” आणि उठून उगाचच शेगडीतले निखारे सारखे करत बसला.

मित्रांनो, मला सगळं ऐकू येत होतं. झोपेत आपल्याला हाका ऐकू येतात आणि हात उचलता येत नाही, तसं मला झालं. माझ्यामुळे ती घर सोडणार होती. उठायची माझी इच्छा होती हो! पण वेलीचं उठणं इच्छेवर नसतं.

मेलेली वेल घरावर ठेवू नये, असं आमच्याकडे मानतात. म्हणून घराला कुलूप लावण्याआधी मला कापायचं ठरलं. दारोचं बोचकं बांधून झालं, तांब्याची कढई वर्तमानपत्रात गुंडाळली गेली. मेराबने करवत आणली. त्या दिवशी दुपारी शाक्रो आला, पण तो एकही विनोद करत नव्हता. वेल कापायच्या आधी तिच्या पायथ्याशी तिचीच दारू ओतायची आणि तिची माफी मागायची, ही या घरची पद्धत होती.

“मी ओततो,” मेराब म्हणाला. “तू वरच बस, जिना उतरू नकोस.”

“तिला मी आणली,” दारो म्हणाली. “मीच निरोप देणार.”

एका हाताने कठडा आणि एका हाताने शाक्रोचा खांदा धरून ती जिना उतरली. सगळा हिवाळा गेला, तिने हे अंगण पायांखाली घेतलं नव्हतं. एका ईस्टरला तेवढी गाडीत बसण्यापुरती उतरली होती. माझ्या खोडाशी येऊन तिने शाक्रोने आणलेला दारूचा कुजा तिरका केला. काळी दारू मातीत मुरली. “माफ कर गं,” ती म्हणाली. “तुला सांभाळता नाही आलं.” मग तिने सालीवर हात फिरवला आणि हात फिरवता फिरवता मागच्या कोपऱ्याकडे गेली. शेवटचं सगळं घर बघून घ्यावं म्हणून गेली असेल.

तिथे शाक्रोच्या वेलीची पिवळट, गुळगुळीत पालवी दाटली होती. दारो थबकली. त्या गर्दीतून एक कोंब वर आला होता, अंगावर पांढरी लव आणि कडेला गुलाबी छटा असलेला. लहानपणापासून तिने तो रंग वडिलांच्या अंगणात पाहिला होता.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमच्या वेलीला गुलाबी पालवी कधीपासून येते?”

“माझ्या? छे! माझी तर...” शाक्रो पुढे झाला. त्याने पानं बाजूला केली, कोंबामागची काडी धरली, काडीमागचा ओलांडा धरला, आणि बोटांनी चाचपत चाचपत भिंतीच्या फटीशी आला. लोकर ठासलेली ती फट. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“मेराब!” दारो ओरडली. “करवत खाली ठेव! खाली ठेव म्हणते ना!”

मेराब धावत आला. त्या ओलांड्यावर एक नाही, कितीतरी कोंब होते. तो एकदा कोंबांकडे बघे, एकदा वर काचेकडे.

“बाहेर राहिली ती उठली,” दारो सावकाश म्हणाली, “आणि आत घेतली ती झोपली.”

“म्हणजे मी...” मेराबचा चेहरा पडला. “आई, मी तिला मारायला निघालो होतो?”

“मारायला कसला! तू तिला थंडी लागू दिली नाहीस, एवढंच.”

शाक्रोला आता वाचा आली. “मी म्हणालो होतो! गादी घाल म्हणालो होतो की नाही?”

“तुम्ही मेली म्हणाला होता,” दारो म्हणाली. “मामाचं नाव घेऊन म्हणाला होता.”

त्याच दुपारी मेराब काचा उतरवायला लागला. शाक्रो शिडी धरून उभा होता आणि सूचना देत होता. संध्याकाळपर्यंत सज्जा उघडा झाला. माझ्या नशिबाने त्याच आठवड्यात डोंगरांवर पुन्हा बर्फ पडलं आणि तिकडचा गारठा खोऱ्यात उतरला. गावातले लोक आपापल्या कोवळ्या पालवीच्या काळजीने आभाळाकडे बघत होते, आणि मी म्हणत होते, ये बाई थंडी, अजून ये. मेराबने घरी फोन करून सांगितलं, की काही दिवस उशीर होईल. दारोचं बोचकं दारात बांधलेलंच राहिलं. ठरलं असं, की वेल उठली तर बोचकं सुटेल, नाही तर गाडीत चढेल.

दारो दोन शाली गुंडाळून उघड्या सज्ज्यात बसली. मेराब करवादला, “आई, आत चल, पुन्हा खोकला होईल.”

“होऊ दे. तिला एकटीलाच थंडी वाजवायची का?”

आणि पलीकडून हाक आली, “वहिनी, आहात का गेलात?”

दारो ताडकन उभी राहिली. इतक्या मोठ्याने ओरडली, की कठड्यावरची चिमणी उडाली. “तुम्हाला पोचवल्याशिवाय कुठली जाते!”

तो आवाज मीही पूर्ण हिवाळाभर ऐकला नव्हता.

थंडीने माझ्या राखणदाराला गाठलं. अर्धामुर्धा झिजलेला होताच, आता त्याचे पाय सुटले. तो एका दिवसात गेला नाही, हट्टी आहे तो. पण त्याची पकड ढिली पडली, तसा माझ्या डोळ्यांत दुसरा एक रस जागा झाला, जिब्रेलिन नावाचा. त्याच्या येण्याने वाटांमधली बुचं विरघळू लागली. एक वाट मोकळी झाली, मग दुसरी. खालून मुळांची हाक मार्चापासून येत होती, ती आता आत पोचली. त्या हाकेचं नाव सायटोकायनिन. ती चढत्या पाण्याबरोबर वर येते आणि डोळ्याच्या आतल्या इवल्या पेशींना म्हणते, उठा, एकाच्या दोन व्हा. गारठा ओसरला, ऊन आलं, आणि आता त्या उन्हाचा मला उपयोग होता.

पहिला डोळा सुजला तो दारोच्या खुर्चीच्या बरोबर वर. खवले उकलले, आतून तांबूस कापूस दिसला. मग पांढरी लव, गुलाबी कड. त्या कोंबाच्या कोवळ्या टोकाने आपला निरोप खाली धाडला. तो ऑक्सिनचा. खोडाच्या अन्न नेणाऱ्या वाटा हिवाळाभर बंद होत्या, तिथे तो म्हणाला, दारं उघडा, वरची मंडळी जेवायला बसली आहेत. मला पायापासून डोक्यापर्यंत पुन्हा मी असल्यासारखं वाटलं. सगळेच डोळे काही उठले नाहीत. मधले बरेच झोपलेलेच राहिले, आणि त्या वर्षी माझे घड मोजके आणि विरळ आले. पण मी होते.

दारोने तो डोळा सकाळी पाहिला. मेराबला हाताने बोलावलं आणि वर बोट दाखवलं. मेराब खुर्चीवर चढला, डोळ्याजवळ डोळा नेऊन बघितला, आणि खाली उतरून सरळ दाराकडे गेला. त्याने बोचक्याची गाठ सोडली. कढई बाहेर काढून खुंटीला टांगली.

मग तो आईजवळ कठड्याला टेकून बसला. उतरवलेल्या काचा भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघत त्याने विचारलं, “आई, खरं सांग. तुला ही काच आवडली होती?”

दारोने शालीचा पदर सारखा केला. “नाही रे. जीव गुदमरायचा. कुणाचा शब्द कानावर पडायचा नाही.”

“मग बोलली का नाहीस? सगळा हिवाळा?”

“तू एवढ्या हौसेने लावलीस. तुझं मन कसं मोडू?”

मेराब तिच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, “आणि ही उठली नसती, तर शहरात आली असतीस? तेही असंच, न बोलता?”

“आले असते,” दारो म्हणाली.

मेराबने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा थोराड माणूस, केसांत पांढरं दिसायला लागलेला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पलीकडून बघणाऱ्या शाक्रोला, तोंड तिकडे करा, अशी खूण केली. शाक्रोने, आश्चर्य म्हणजे, ऐकलं.

त्याला आता काही वर्षं झाली. त्या काचांचं शाक्रोने भाजीची रोपं वाढवायला घर केलं आहे, आणि ती कल्पना आपलीच होती असं तो सगळ्यांना सांगतो. मेराबने शेगडी आतल्या खोलीत बसवून दिली. दारो झोपायला तिथे जाते, बसायला माझ्याखाली येते. मेराब द्राक्षं काढायला मुलींना घेऊन येतो. रांजण धुताना तो बापासारखाच वाकतो. कात्री मात्र अजून चुकीच्या हातात धरतो.

मित्रांनो, आमच्यावर माया करा. पाणी घाला, छाटा, बांधा, सावलीत बसा, घड खा. पण आमची थंडी आम्हाला भोगू द्या, ती आमच्या जागेपणाची शिदोरी आहे. आणि जे काही आमच्यासाठी करायचं मनात आणाल, ते आधी विचारा. मला विचाराल तर मी बोलणार नाही, माझे डोळे बघावे लागतील. पण माणसांना तोंड आहे म्हणून ती बोलतीलच, असंही धरून चालू नका. माझ्याखाली एक बसते, ती हसून ‘छान, ऊब आहे’ म्हणते. तिला पुन्हा एकदा विचारा.

आता दिवस लहान झाले आहेत. माझी पानं तांबडी पडली आहेत, आणि राखणदार डोळ्याडोळ्यांत फिरून बुचं बसवतो आहे. डोंगरांवर पहिलं बर्फ दिसतंय. दारो शाल घेऊन बाहेर आली आहे, पलीकडून हाक आली आहे, आणि तिने तिला खणखणीत उत्तर दिलं आहे. मला आता झोप येते आहे. वारा येऊ द्या.